माळावरची न संपलेली दवंडी

बसा. पण बसण्याआधी खाली बघा. दगड सरकवायचा असेल तर आधी त्याच्याखाली कुणी आहे का ते बघा, आणि असेल तर दगड होता तसा ठेवून दुसरीकडे बसा. नेपतवाडीत गोष्ट सांगायला घेताना असंच म्हणायची रीत आहे. का, ते गोष्ट संपेपर्यंत तुमचं तुम्हालाच कळेल.

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते आता कुणालाच नक्की सांगता येत नाही. तेव्हा नेपतवाडी म्हणजे चाळीस घरं, एक चावडी, एक ओढा आणि ओढ्याच्या अलीकडे पसरलेला माळ. माळ एवढा मोठा की सकाळी निघालेली मेंढरं त्याच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत दुपार व्हायची. झाड म्हणाल तर इथे एक बोर, तिथे एक हिवर, मधेच नेपतीचं झुडूप. बाकी सगळं गवत. पावसाळ्यात हिरवं, दिवाळीला सोनेरी, आणि चैत्रात इतकं पांढरं की बघणाऱ्याला डोळे बारीक करावे लागत.

त्या गावात म्हाळू येसकर राहायचा. येसकर म्हणजे गावाची वेस राखणारा आणि दवंडी देणारा. पाटलाचा हुकूम असो, बाजाराचा दिवस बदललेला असो, की कुणाची गाय हरवलेली असो, म्हाळू गळ्यात हलगी अडकवून निघायचा. त्याचा आवाज तीन कोसांवर ऐकू जायचा, असं म्हणतात. तो ‘ऐका हो ऐका’ म्हणाला की ओढ्यापलीकडच्या गावच्या बायका डोक्यावरची घागर उतरवून ऐकायच्या आणि मग एकमेकींना म्हणायच्या, “चल बया, आपला न्हवं. नेपतवाडीचा हाय.”

पण नेपतवाडीची दवंडी नुसती ओरडून पुरी होत नसे. प्रत्येक दारासमोर उभं राहायचं, हलगी वाजवायची, हुकूम सांगायचा, आणि आतून ‘ऐकलं’ असं उत्तर येईपर्यंत जागचं हलायचं नाही. चाळीसाव्या दारातून ‘ऐकलं’ आलं की मगच हुकूम लागू. एक जरी घर राहिलं तरी पाटलाचा हुकूम म्हणजे नुसती हवा.

म्हाळूला त्या चाळीसातल्या बहुतेक घरांचा उंबरा ओलांडता येत नसे. त्या काळी माणसं माणसांना असं दाराबाहेर उभं करत. ही गोष्ट सांगताना हे वाक्य गाळायचं नाही, असं आमच्याकडे बजावलेलं असतं.

तर, म्हाळू अगदी तरणा असताना त्याच्या हातून एक चूक झाली.

त्या वर्षी ओढ्याला फार पाणी आलं होतं. वरच्या अंगाचा बंधारा सकाळी फोडायचं ठरलं. हुकूम निघाला की ओढ्याकाठची जनावरं वर आणा. म्हाळूने एकोणचाळीस दारं केली. चाळीसावं दार तान्हाईचं. तान्हाई एकटी बाई, तिला मागेपुढे कुणी नव्हतं. ओढ्याच्या वळणावर मातीचं आणि गवताचं तिचं खोपट होतं. लांबून बघितलं तर घर वाटायचंच नाही, कुणीतरी गवताचा ढीग टाकून गेलंय असं वाटायचं. म्हाळू भिजला होता. हलगीचं कातडं सर्द होऊन ‘तड’ ऐवजी ‘थप’ वाजत होतं. तो मनाशी म्हणाला, तिथं कोण असणार आता? आणि चावडीवर येऊन त्याने सांगितलं, “झाली दवंडी.”

सकाळी पाणी आलं. तान्हाई शेण्या गोळा करायला चढावर गेली होती म्हणून वाचली. खोपट गेलं. खुंट्याला बांधलेल्या तीन शेळ्या गेल्या. म्हाळू धावत आला तेव्हा ती ओल्या दगडावर तुटलेलं दावं हातात धरून बसली होती. ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिने फक्त वर बघून विचारलं,

“म्हाळू, माझं घर घर न्हवतं व्हय रं?”

म्हाळू तिला आपल्या झोपडीत घेऊन आला. ती पुढे मरेपर्यंत त्याची आई होऊन तिथेच राहिली. पण ते वाक्य त्याच्या कानातून कधी गेलं नाही. त्या दिवसापासून तो गावात हिंडताना डोळे फाडून दारं शोधू लागला. कुणाचं राहिलं तर नाही? हा ढीग म्हणजे ढीगच ना? आणि एकदा दारं शोधायची सवय लागली की काय होतं, तुम्ही करून बघा. सगळीकडे दारं दिसू लागतात. भिंतीच्या भेगेत दार, झाडाच्या ढोलीत दार, पायाखालच्या मातीत दार. माळावर तर पावलागणिक दार. म्हाळू माळावरून जायचा तो वेडीवाकडी पावलं टाकत. लोकांना वाटायचं, पिऊन आलाय.

मग हळूहळू त्याने एक नवीच पद्धत पाडली. पाटलाचा हुकूम सांगून झाला की हलगीवर एक हलकी टिचकी मारायची आणि आपल्या पदरची एक खबर द्यायची. “आनि माळावरची खबर ऐका हो! बोरीखालच्या खोकडीला तीन पिल्लं झाली! एकाचा कान दुमडल्याला हाय!” खोकड म्हणजे माळावरचा लहानगा कोल्हा. असली खबर ऐकायला गावातली झाडून सगळी पोरं त्याच्या मागून दारोदार फिरायची. त्यात सगळ्यांत पुढे असायची बनू. बनू म्हणजे पिलाजी पाटलांची आठ वर्षांची नात. पुढचे दोन दात पडलेले, पण तोंड क्षणभर बंद नाही.

“म्हाळूबाबा, आज्याची खबर मोठी का खोकडीची?”

“आज्याची मोठी,” म्हाळू म्हणायचा. “खोकडीची खरी.”

असं बरं चाललं होतं. आणि मग ते वर्ष आलं.

ओढ्यापलीकडच्या गावाने आपला माळ नांगरला होता. दोन वर्षं तिथे जोंधळा पुरुषभर वाढला. इकडून कणसं डोलताना दिसायची आणि पिलाजी पाटलांच्या जिवाची घालमेल व्हायची. पाटील माणूस वाईट नव्हता, उतावळा होता. पाडव्याला चावडीत त्यांनी सांगितलं, “आपला येवढा मोठा माळ, आन् रिकामा पडलाय. औंदा नांगरून काढायचा.”

धनगरांपैकी एकाने विचारलं, मेंढरं कुठे न्यायची? पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. बाभळीचा नवा कोरा नांगर घडवून चावडीत आणून उभा केला. आठ बैलांनी ओढायचा, माणसाच्या छातीएवढा उंच. पाटलांनी म्हाळूला बोलावलं.

“म्हाळ्या, दवंडी दे. अक्षय्य तृतीयेला माळाला नांगर लागनार. माळावर ज्याचं काय असंल, त्यानं ते हलवावं.”

म्हाळूच्या पायाखालची जमीन सरकली. दवंडी द्यायची नाही असं म्हणणारा येसकर गावाच्या वेशीबाहेर हाकलला जायचा, मग म्हाताऱ्या तान्हाईला घेऊन तो जाणार कुठे? आणि दवंडी दिली तर माळ जाणार. माळ म्हणजे दुमडल्या कानाचं पिल्लू, गवतातला चंडोल, दगडांत दगड होऊन बसलेली टिटवी. तो “जोहार,” म्हणाला आणि निघाला.

त्याने चाळीस दारं केली. चाळीस वेळा ‘ऐकलं’ आलं. दुपारी तो चावडीवर परत आला.

“झाली का?” पाटलांनी विचारलं.

“न्हाय जी. गावातली झाली. माळावरची ऱ्हायली.”

“माळावर कोन राहतंय?”

“हुकूमच तसा हाय, पाटील. माळावर ज्याचं काय असंल त्यानं हलवावं. मग ज्याला हलवायचं त्याच्या दारात दवंडी नगं?”

चावडीत असा हशा पिकला की कुणाच्या तरी हातातली तंबाखू सांडली. “अरं, मुंगीला इचारून ये,” एकजण म्हणाला, “बिऱ्हाड गाडीत घालनार का डोक्यावर!” दुसरा म्हणाला, “आन् सशाला म्हनावं, भाडंकरू ठेवला असशील तर त्यालाबी सांग!” पाटलांच्याही डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. ते पुसत ते म्हणाले, “दे बाबा, दे. समद्यांना ऐकव. तुझी दवंडी पुरी हुईस्तोवर नांगराला हात लावनार न्हाय. पाटलाचा शबूद.”

त्यांना वाटलं, संध्याकाळपर्यंत उरकेल.

काही लोक म्हणतात ही म्हाळूची युक्ती होती. मला तसं वाटत नाही. युक्ती करणारा माणूस मनात हसतो, आणि म्हाळूचा चेहरा तेव्हा रडवेला होता, असं म्हणतात. त्याला खरोखरच सगळ्यांना सांगायचं होतं. उद्या कुणी ओल्या दगडावर बसून त्याला तोच प्रश्न विचारू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

तो वेशीतून माळावर उतरला. मागून पोरं आलीच. वेशीपासून पंचवीस पावलांवर पहिलं दार लागलं. मुंग्यांचं. आपल्या माळावर मुंग्या मातीची कडी रचून वारुळाचं दार कमळासारखं करतात, ते तुम्ही बघितलंच आहे. म्हाळू त्याच्यासमोर मांडी घालून बसला. हलगी एका बोटाने वाजवली, जेमतेम ऐकू येईल अशी. मग हळू आवाजात सगळा हुकूम सांगितला. आणि थांबला.

“आता?” बनूने विचारलं.

“आता ऐकलं म्हनत्याल.”

“मुंग्या बोलत्यात व्हय?”

“कुनी भाईर आलं, आपल्याकडं बघितलं, की समजायचं ऐकलं. पर तवर हलायचं न्हाय. बोलायचं न्हाय. आपली सावली त्यांच्या दारावर पाडायची न्हाय.”

पोरं थांबली. नेपतवाडीच्या इतिहासात पोरं एवढा वेळ गप्प बसल्याची ती पहिलीच वेळ, असं म्हणतात. शेवटी एक मुंगी कमळाच्या कडेवर चढली, पुढचे पाय पुसत उभी राहिली आणि आत गेली. “ऐकलं!” पोरं एकदम ओरडली. म्हाळू उठला आणि सात पावलं पुढे गेला. तिथे दुसरं दार होतं.

संध्याकाळपर्यंत ते पहिल्या बोरीशीही पोचले नाहीत.

दुसऱ्या दिवशी धनगराचा बिरा आला. त्याला सापाचं बीळ माहीत होतं.

“सापालाबी द्यायची?” बनू लांबूनच म्हणाली. “त्यानं कुठं बांधलंय घर? वारूळ मुंग्यांचं. आयत्या बिळावर नागोबा!”

“राहतोय ना?” म्हाळू म्हणाला.

“राहतोय की.”

“मग द्यायची. दहा हात लांबून द्यायची, पर द्यायची.”

त्या उन्हाळ्यात पोरं रोज माळावर गेली. कुणी त्यांना काही शिकवलं नाही. म्हाळूला शिकवता येतच नव्हतं, त्याला फक्त थांबता येत होतं. पण दारासमोर थांबता थांबता पोरांना कळू लागलं. ज्या बिळाच्या तोंडावर अख्खं जाळं आहे तिथून कुणी ये-जा करत नाही, तेव्हा तिथे दवंडी कोळ्याला द्यायची. टिटवी जिथे सर्वांत जास्त ओरडते तिथे तिचं घर नसतं, ती उगाच आपल्याला लांब नेत असते. शेणाचा गोळा उलटा ढकलत नेणारा किडा वाटेत भेटला तर त्याला अडवायचं नाही, तो घरी पोचला की मग सांगायचं. बिरा गवताची काडी चावून सांगू लागला की ही पवन्या, ही मारवेल, ही नुसती कुसळ. बनू मूठभर माती हातात घेऊन तिचा वास घ्यायची. आणि घरी जेवताना पोरं मोठ्यांना सांगायची, आज घोरपड ऐकलं म्हणाली, पण फार उर्मटपणे म्हणाली.

माळाला रिकामा म्हणणाऱ्याने माळावर कधी बूड टेकलेलं नसतं. हे मी माझ्या पदरचं सांगतेय.

एके सकाळी लांडगीण आली. बाकी सगळ्यांची दारं म्हाळूने शोधली, पण लांडगीण स्वतः ऐकायला आली, असं म्हणतात. हिवराखाली पंधरा हातांवर येऊन बसली, पुढच्या एका पायावर दुसरा टाकून, चावडीतल्या म्हाताऱ्यासारखी. पोरं म्हाळूच्या पाठीमागे दडली. म्हाळूने हलगी वाजवली. हुकूम सांगायला तोंड उघडलं, आणि त्याचा तीन कोसांचा आवाज त्या दिवशी तीन हातांवरही गेला नाही. “माळाला... नांगर लागनार... ज्याचं काय असंल...” लांडगिणीने सगळं ऐकून घेतलं. ती उठली, त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि जिथून आली होती तिकडेच, आपल्या गुहेकडे परत गेली. बिऱ्हाड हलवायला नाही, तर पिल्लांपाशी.

“म्हाळूबाबा, तू का रडतोयस?” बनूने विचारलं.

“कुसळ गेलं डोळ्यात,” म्हाळू म्हणाला.

अक्षय्य तृतीया आली. आठ बैल जमले, शिंगं रंगवून तयार. पाटलांनी माणूस पाठवला. माणूस परत येऊन म्हणाला, दुसऱ्या बोरीपर्यंत झालंय. माळावर बोरी चौदा होत्या. पाटील संतापले आणि भर उन्हात स्वतः निघाले. चावडीतली माणसं मजा बघायला मागून गेली.

“म्हाळ्या!” पाटील लांबूनच गरजले. “थट्टा लावलीय व्हय? आठ दिस, पंधरा दिस, म्हयना...” आणि बोलता बोलता त्यांनी उजवा पाय पुढे टाकायला उचलला.

“पाय!” बनू किंचाळली. “आज्या, पाय टाकू नगासा!”

पाटलांचा पाय हवेतच राहिला. खाली बघतात तर दगडच दगड. आणि मग त्या दगडांतले चार दगड त्यांना अंडी दिसली. डोक्यावर टिटवीने आकाश फाडलं होतं.

“मग कुठं टाकू?” पाटील म्हणाले.

“डावीकडं नगं, मुंग्या हैत!” बिरा ओरडला.

“उजवीकडं कोळी हाय!”

“मागं... मागं न्हाय, मागं चंडोलाचं घरटं हाय. तुम्ही आलाव कसं तिथनं?”

नेपतवाडीचे पाटील, रंगीत पागोटं घातलेले, भर दुपारी माळावर एका पायावर उभे. अर्धा प्रहर उभे होते असं म्हणतात. मला वाटतं एवढा वेळ नसेल, पण त्यांना तेवढा वाटला असेल. शेवटी म्हाळू पुढे आला आणि म्हणाला, “पाटील, माझ्या खांद्याला धरा.” ज्याला आजवर आपला उंबरा ओलांडू दिला नव्हता, त्याच्या खांद्याला पाटलांनी दोन्ही हातांनी धरलं. आणि म्हाळूने त्यांना आपल्या त्या वेड्यावाकड्या पावलांनी बोरीखाली आणून बसवलं. चावडीतलं कुणीही हसलं नाही. जो तो आपल्या पायाखाली बघत होता.

आणि तेवढ्यात ओढ्यापलीकडून वारा सुटला.

पलीकडच्या माळाचं ते तिसरं वर्ष होतं. तिथली माती आता मोकळी होती, तिला धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं. आधी लाल भिंत उभी राहिली. मग ती भिंत चालू लागली. “खाली पडा!” बिरा ओरडला. माणसं पालथी पडली, बोरीला धरून राहिली. वारा त्यांच्यावरून गेला तेव्हा दिवसा अंधारून आलं होतं.

शांत झाल्यावर सगळ्यांनी डोकी वर केली. तोंडं लाल, पागोटी लाल. बनूने थुंकून माती बाहेर काढली, हातात घेऊन बघितली, तिचा वास घेतला.

“आज्या,” ती म्हणाली, “ही आपली माती न्हाय.”

पाटलांनी माळाकडे बघितलं. त्यांचा माळ होता तिथेच होता. वाळक्या गवताचा एकेक ठोंब मातीला मूठ आवळून बसला होता, आणि वरून शेजाऱ्याची माती त्याच्या मुळाशी येऊन साठली होती. ओढ्यापलीकडे मात्र, जिथे दोन वर्षं जोंधळा डोलला होता, तिथे खालचा पांढरा खडक दिसायला लागला होता. पाटील कितीतरी वेळ बघत राहिले. पाटलाने भर चावडीत दिलेला हुकूम मागे घेणं तेव्हा सोपं नव्हतं, ते त्यांनी घेतलंही नाही. उठताना त्यांनी फक्त खाली बघितलं, जपून पाय टाकला आणि म्हणाले,

“म्हाळू...”

म्हाळ्या नाही म्हणाले. म्हाळू म्हणाले.

“...दवंडी नीट दे. घाई करू नगंस. एकबी घर ऱ्हाता कामा नये.”

मग काय, दवंडी चालूच राहिली. चौदाव्या बोरीपर्यंत पोचेतो पहिल्या बोरीखाली नवी पिल्लं जन्मलेली असायची, आणि त्यांनी कुठे हुकूम ऐकला होता? दर अक्षय्य तृतीयेला पाटील चावडीत विचारायचे, “झाली का?” म्हाळू म्हणायचा, “न्हाय जी, अजून ऱ्हायलीत.” पाटील म्हणायचे, “बरं.” आणि नांगर होता तिथेच उभा राहायचा. पुढे पुढे ‘बरं’ म्हणताना पाटलांच्या मिशा हसायच्या, असं म्हणतात.

वर्षं गेली. तान्हाई गेली. पिलाजी पाटील गेले. म्हाळूचा आवाज तीन कोसांवरून एका कोसावर आला, मग वेशीपर्यंत आला. एका उन्हाळ्यात सकाळी तो काठी टेकत माळावर गेला आणि दुपारपर्यंत परत आला नाही. पोरांनी शोधलं तेव्हा तो मोकळ्या मातीसमोर मांडी घालून बसलेला होता, हलगीवर बोट ठेवून. उत्तराची वाट बघता बघताच गेला होता. पोरांनी समोरची माती पुन्हा पुन्हा निरखली, पण तिथे कुठलंही दार दिसेना. सगळे म्हणाले, म्हाताऱ्याला शेवटी दिसत नव्हतं. मग मृग लागला, पाऊस झाला, आणि नेमक्या त्याच जागी मातीतून मृगाचे किडे वर आले. मखमलीसारखे लालभडक, एवढे की जमीन चालतेय असं वाटावं. ते तिथे खालीच होते. त्याला माहीत होतं.

आता पाटीलकी बनूचे वडील मानाजी यांच्याकडे आली होती. पुढच्या अक्षय्य तृतीयेला ते म्हणाले, “दवंडी देनारा गेला, दवंडी संपली. बैल जुंपा.”

खरंच, आता कोण अडवणार होतं? आठ बैलांनी नांगर वेशीबाहेर आणला. माळाच्या कडेला पोचले, आणि थांबले. माळावरून आवाज येत होता. तड. तड तड. कुणी परात बडवत होतं, कुणी सूप, कुणी नुसते दगडावर दगड. पाटलाच्या आळीतली पोरं, धनगरांची पोरं, येसकराच्या वस्तीवरची पोरं, सगळी एका रांगेत बसली होती, प्रत्येक जण एकेका दारासमोर. आणि मधोमध म्हाळूची हलगी गळ्यात घालून बनू बसली होती. अक्षय्य तृतीयेला माहेरी आलेली, मांडीवर तान्हं मूल.

पाटलाच्या लेकीने येसकराची हलगी गळ्यात घातलेली बघून माणसांनी नजर दुसरीकडे वळवली. मानाजी पाटील म्हणाले, “बने, ऊठ तिथनं.”

“उठते की आबा. येवढं घर झालं की उठते.”

“दवंडी देनारा मेला, पोरी.”

“मेला. पर आज्यानं शबूद दवंडीला दिला व्हता, म्हाळूबाबाला न्हाय. दवंडी पुरी हुईस्तोवर नांगराला हात लावनार न्हाय, असं म्हनला व्हता. पुरी झाली का?”

मानाजी पाटलांनी जरा नरम आवाजात विचारलं, “किती ऱ्हायलीत?”

बनूने आपल्यासमोरच्या मातीतल्या एका बारीक भोकाकडे बोट दाखवलं. सुई जाईल एवढं भोक. आणि त्या रांगेतलं सर्वांत धाकटं पोर, ज्याने तान्हाईला कधी बघितलंही नव्हतं, ते पाटलांना म्हणालं,

“ह्येंचं घर घर न्हाय व्हय?”

असं म्हणतात की त्या क्षणी आठही बैल एकदम खाली बसले. मानाजी पाटलांनी नांगराकडे बघितलं, पोरांकडे बघितलं, आणि शेवटी, पहिल्यांदाच, पायाखाली बघितलं. नांगर चावडीत परत गेला.

ती दवंडी अजून पुरी झालेली नाही.

आमच्याकडे मूल सहा वर्षांचं झालं की पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ते माळावर जातं आणि आजवर राहिलेलं एक घर शोधतं. म्हाळूची हलगी त्याच्या गळ्यात घालतात. कातडं चार वेळा बदललंय, कडं तेच आहे. मूल एका बोटाने हलगी वाजवतं, हुकूम सांगतं आणि उत्तर येईपर्यंत तिथे बसून राहतं. कुणाला घटकाभर वेळ लागतो, कुणाला दोन दिवस. कोणत्या घरचं मूल आहे ते कुणी विचारत नाही. ते परत येईपर्यंत वेशीवर सगळं गाव थांबलेलं असतं, आणि ते आलं की सगळे एका सुरात विचारतात, “ऐकलं का?” गावात कुणाला पाया खणायचा असेल तर आधी त्या जागेवर हलगी वाजते. आणि बाहेरून आलेला कुणी माळाकडे बोट दाखवून म्हणाला की ही जागा रिकामी दिसते, तर आमची पोरं त्याच्याशी वाद घालत नाहीत. ती म्हणतात, “बसा जरा.”

नांगर अजून चावडीत उभा आहे. बाभळीचं लाकूड काळं पडलंय. यंदा त्याच्या मुठीपाशी कुंभारीण माशीने मातीचा गोल रांजण बांधलाय, म्हणजे नांगर हलवायचा तर आता तिच्या दारातही दवंडी द्यायला हवी. पहिलीतल्या एका मुलीने ती दिली. आज तिसरा दिवस. मुलगी समोर बसून आहे, घरचे तिथेच भाकरी नेऊन देतात. कुंभारीण अजून ‘ऐकलं’ म्हणालेली नाही.

चला, उठा आता. पण उठतानाही खाली बघून उठा.